दुसरा फुगा

"एकशे छत्तीस, एकशे सदतीस, एकशे अडतीस. गेला."

आबांनी मान खाली घेतली आणि मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. एकशे अडतीस पूर्णांक दोन. वर, ढगाच्या करड्या पोटात लाल फुगा शिरला होता तिथे आता काही नव्हतं.

"अडीचानं गुणलं की तीनशे पंचेचाळीस मीटर," आबा म्हणाले. "तीनशेच्या वर. म्हंजे जमतंय नव्हं?"

"जमतंय, आबा. विमान जाईल."

सकाळचे सात वीस झाले होते. ते वाक्य बोलायचा मला अधिकार नव्हता, पण आबा रात्रभर किनाऱ्यावर उभे राहून आले होते, आणि आकडा माझ्या हातात होता.

"मग मी घरी सांगून येतो," ते म्हणाले. "लक्ष्मीनं कालपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाई." आणि ते फाटकाकडे चालू लागले. सत्तरीचा माणूस, पण पाऊल अजून कवायतीचं.

याला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सांगलीहून एमएस्सी झालेली, हवामान निरीक्षक म्हणून पहिलीच नेमणूक, आणि तीही देशाच्या अगदी टोकाच्या एका बेटावर, नौदलाच्या विमानतळावर. मुख्य भूमीपासून जहाजाने चार दिवस. बेटाचं नाव सांगत नाही. नकाशात ते टाचणीच्या डोक्याएवढं दिसतं. त्यावर एक धावपट्टी, एक छोटं गस्ती विमान, सव्वाशे माणसं आणि धावपट्टीच्या पलीकडे एक गाव.

गाव निवृत्त सैनिकांचं. चाळीस वर्षांपूर्वी सरकारने त्यांना इथे जमिनी देऊन वसवलं. नारळ, सुपारी आणि मासळी यांवर गाव चालतं. पंजाबी, तेलुगू, तमिळ घरं होती, आणि साताऱ्याकडची अकरा. त्यातलं एक हवालदार बापूराव पिसाळ यांचं. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबा तोफखान्यात होते. पलीकडची तोफ चमकली की सेकंद मोजायचे. आवाज येईपर्यंत किती झाले त्यावरून ती किती लांब आहे ते सांगायचं. ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. बायको गेल्यापासून ते रोज सकाळी माझ्या वेधशाळेत यायचे. वेधशाळा म्हणजे पत्र्याची खोली, थर्मामीटरची एक पांढरी पेटी आणि हायड्रोजनचे सिलिंडर. मी फुगा ठरावीक वजन तोलेपर्यंत भरायची, म्हणजे तो दर सेकंदाला अडीच मीटर चढतो. सोडल्यापासून ढगात दिसेनासा होईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं, अडीचाने गुणायचं. ही झाली ढगाच्या तळाची उंची.

पहिल्या आठवड्यात आबा म्हणाले होते, "ते घड्याळ कशाला? मी मोजतो की."

"तोंडाने? नाही चालणार, आबा. चूक किती येईल?"

"तू काढ चूक. तू शिकलेली."

मी खरंच काढली. चाळीस दिवस त्यांची मोजणी आणि माझं घड्याळ शेजारी शेजारी लिहिलं. शंभर सेकंदांमागे अर्ध्या सेकंदाच्या आत फरक. मी तो तक्ता त्यांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हवाबाई, फरक पडतोय तो तुझ्या अंगठ्याचा. बटण उशिरा दाबतेस."

तेव्हापासून मी त्यांची हवाबाई झाले.

आदल्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा प्रल्हाद डोंगी घेऊन एकटाच पश्चिमेच्या खडकांकडे मासेमारीला गेला होता. दुपारी परत यायचा तो आला नाही. संध्याकाळी दुसऱ्या एका होडीने निरोप आणला: इंजिन बंद पडलंय, डोंगी पश्चिमेला वाहत चालली आहे, प्रल्हाद उभा राहून शर्ट हलवत होता, पण लाटा एवढ्या उंच की जवळ जाता आलं नाही. बेटाच्या पश्चिमेला पुढे दीड हजार किलोमीटर नुसतं पाणी आहे. डोंगी एका दिवसात किती वाहील याचा हिशेब मी रात्री केला होता: चाळीस ते पन्नास किलोमीटर. पहिल्या दिवशी शोधायचा तुकडा लहान असतो. दुसऱ्या दिवशी तो चौपट होतो, तिसऱ्या दिवशी नऊपट. त्याच्याजवळ पाण्याचा एक निळा कॅन होता, वीस लिटरचा, अर्धा भरलेला.

शोध डोळ्यांनी घ्यावा लागतो. विमानाच्या पोटाखाली रडार होतं, पण ते पोलादी जहाज पकडतं; लाकडी डोंगी लाटांमध्ये हरवते. म्हणून विमानाला ढगाखालून उडावं लागतं, आणि नियम होता की ढगाचा तळ तीनशे मीटरच्या खाली असेल तर असं उडायचं नाही.

मी तीनशे पंचेचाळीसचा कागद घेऊन कमांडर बरुआ यांच्या खोलीत गेले.

बरुआ साहेब तळाचे प्रमुख, आसामचे. हळू बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. आम्ही हिंदीत बोलायचो. त्यांनी कागद वाचला, उलटा ठेवला आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"मिस पाटणकर, इंधनाचं जहाज कधी येणार होतं?"

"बारा दिवसांपूर्वी, सर."

"धक्क्याला लागू शकत नाही. लाट आहे, हे तुम्हीच रोज लिहिता. टाकीत किती शिल्लक आहे?"

"मला माहीत नाही, सर."

"एका उड्डाणाचं. साडेचार तासांचं." त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. बेटाच्या दक्षिणेला जहाजांचा रस्ता जातो. "ही धावपट्टी इथे का बांधली, सांगा."

"त्या रस्त्यावर नजर ठेवायला."

"मुख्य तळावरून विमान निघालं तर त्याला तिथे पोचायला अडीच तास लागतात, आणि मग थांबायला इंधन उरत नाही. इथून अर्धा तास. म्हणून हे बेट. नाहीतर नारळ मोजायला कुणी इथे रडार ठेवलं नसतं." त्यांनी खुर्ची नकाशाकडे वळवली. "आज दुपारी एक ते तीनच्या मध्ये तिथून एक पाणबुडी जाणार आहे. वरून, पाण्यावर. बरोबर एक जहाज. कुणाची ते तुम्हाला सांगणार नाही. वर्षातून एकदा मिळते अशी वेळ."

मला कळलं. एक उड्डाण, दोन दिशा.

"सर, मग शोध नाही असं सांगून टाका."

"काय कारण सांगू? शोध नाकारला तर कारण लिहावं लागतं आणि तो कागद पंचायतीत जातो. गावाला सांगू की आम्ही पाणबुडी बघायला जातोय?" त्यांनी माझा कागद उलटला. "हवामानाचं कारण सगळ्यांना समजतं. हवामानावर कुणी चिडत नाही."

"पण ढग तीनशे पंचेचाळीसवर आहे."

"सव्वासातला होता. ढग हलतात, ना? मी तुम्हाला काही लिहा म्हणत नाही. परत मोजा म्हणतोय."

मी उठले. दाराशी त्यांनी हाक मारली.

"माझासुद्धा मुलगा आहे, मिस पाटणकर. तेजपूरला. नववीत."

ते हे का बोलले, मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी दुसरा फुगा भरला. नेहमीपेक्षा जास्त काळजीने, वजन दोनदा तपासून. आबा नव्हते. मी एकटीने सोडला आणि मान वर करून उभी राहिले. मनात एकच होतं, लवकर जा. ढगा, खाली ये. शंभरला फुगा स्वच्छ दिसत होता. एकशेवीसला दिसत होता. एकशे एकेचाळीसला गेला. ढग वर चढला होता.

नोंदवहीत मी अठ्ठ्याण्णव लिहिलं.

शंभर लिहिलं नाही, कारण गोल आकडा खोटा वाटतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांना सर याच्यावरूनच पकडायचे. अठ्ठ्याण्णव गुणिले अडीच, दोनशे पंचेचाळीस मीटर. अक्षर नेहमीसारखं आलं.

साहेबांनी सही केली.

आमच्याकडे एक रिवाज होता. रोजच्या हवामानाची एक चिठ्ठी फाटकाबाहेरच्या फळ्यावर लावायची. तो नौदलाचा नियम नव्हता. गावातले कोळी सकाळी येऊन वाचायचे म्हणून कुणीतरी कधीतरी सुरू केला होता. ती चिठ्ठी लावायचं काम माझं. त्या दिवशीही मीच लावली, साडेदहाला.

आबा लक्ष्मीला घेऊन फाटकाशी आले होते. लक्ष्मी त्यांची सून, पलीकडच्या तेलुगू वस्तीतली. पिसाळांच्या घरात येऊन सातारी मराठी बोलायला शिकलेली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. नंतर कळलं, त्यात भाकरी होती. विमानातून टाकतील म्हणून आणली होती.

आबांनी खिशातून चष्मा काढला आणि चिठ्ठी वाचली. चार ओळींची चिठ्ठी. त्यांनी वाचायला एवढा वेळ लावला की पहारेकऱ्याने त्यांच्याकडे बघितलं.

"दोनशे पंचेचाळीस," ते म्हणाले.

"हो, आबा."

"दुसऱ्या फुग्याचं?"

"हो. ढग खाली आला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओठ हलले, भागाकार करत होते. मग चष्मा पुसून खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

"काय म्हणतात, मामंजी?" लक्ष्मीने विचारलं.

"ढग खाली हाय. ढगाखालनं उडता येत न्हाई. नियम हाय तसा."

"मग कधी जातील?"

"ढग उठला की."

तेवढ्यात आत विमानाची इंजिनं सुरू झाली. इतक्या जवळून तो आवाज छातीत वाजतो. विमान धावपट्टीवरून धावलं, उचललं गेलं आणि दक्षिणेकडे वळलं. बराच वेळ दिसत राहिलं. मी मोजत नव्हते, पण तो बराच वेळ होता. मग ढगात गेलं.

"आता हे कुठं गेलं?" लक्ष्मी म्हणाली. "उडता येत नाही म्हणाला ना तुम्ही? हे कुठं गेलं मग?"

ती मला विचारत होती. मी तोंड उघडलं, पण उत्तर आबांनी दिलं.

"ते ढगाच्या वरनं जातं. त्याचं काम येगळं. वरनं डोंगी दिसत न्हाई, पोरी."

"खाली येऊन बघितलं तर?"

"खाली डोंगर हाय. आपटंल. त्यात पण कुणाची तरी पोरं हायत." त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला. "चल. ऊन लागंल."

ऊन नव्हतं.

विमान दोन वाजून चाळीस मिनिटांनी उतरलं. वैमानिक लेफ्टनंट अय्यप्पा कुर्गचा होता, माझ्याच वयाचा. एरवी माझी थट्टा करायचा, तुझा अंदाज ऐकून मी छत्री घरी ठेवतो म्हणायचा. त्या दिवशी तो हेल्मेटही न ठेवता सरळ वेधशाळेत आला आणि उभाच राहिला.

"ढग कुठे होते?" त्याने विचारलं.

"काय?"

"चढताना मला साडेअकराशे फुटांवर लागले. म्हणजे साडेतीनशे मीटर. तुझ्या कागदावर दोनशे पंचेचाळीस आहे."

मी टेबलावरची नोंदवही मिटली.

"परत येताना वीस मिनिटांचं इंधन जादा होतं. मी रेडिओवर विचारलं, पश्चिमेकडून खाली उतरून एक फेरी मारू का. काय उत्तर आलं माहीत आहे? 'हवामान अहवाल बघा.' " तो खुर्चीवर बसला. "वीस मिनिटं, केतकी. तो काल संध्याकाळी जिथे दिसला होता तिथून वाहत जो पट्टा येतो, तू रात्री काढून दिलेला, तो माझ्या मांडीवर होता. अर्धा पट्टा झाला असता."

"ते दिसलं का? जे बघायला गेला होतास?"

"दिसलं. एक वाजून बावन्न मिनिटांनी. चांगले फोटो आहेत."

"मग?"

"मग काय? पुढे गेलं ते."

तो गेल्यावर मी नोंदवही उघडली. पान फाडता येत नाही; पानांवर क्रमांक छापलेले असतात. खोडलं तर खोडल्याची सही लागते. मी ते तसंच बंद केलं.

चौथ्या दिवशी लाट उतरली आणि इंधनाचं जहाज धक्क्याला लागलं. त्या दिवशी अय्यप्पा दोनदा उडाला, पाचव्या दिवशी तीनदा. दोन्ही दिवस आकाश इतकं मोकळं होतं की फुगा सोडायचं कारणच नव्हतं. मी शोधाचा पट्टा पुन्हा पुन्हा काढला. प्रत्येक वेळी तो आणखी मोठा झाला. सहाव्या दिवशी एका मालवाहू जहाजाने कळवलं, पश्चिमेला एक उलटी डोंगी तरंगतेय. अय्यप्पा वरून बघून आला, आणि जहाजाच्या खलाशांनी डोंगी सरळ करून पुढचं कळवलं. डोंगीच्या फळीला निळा कॅन दोरीने बांधलेला होता. रिकामा. तो बांधलेला होता याचा अर्थ मला लावावा लागला नाही. पाणी संपल्यावरही डोंगी सरळ होती आणि प्रल्हाद तिच्यात होता. कॅन रिकामा झाल्यावर त्याने तो नीट बांधून ठेवला होता. पावसाचं पाणी धरायला, बहुधा.

बारावं-तेरावं गावाने केलं. साहेब गणवेशात गेले. मी पण गेले. पंचायतीच्या माणसाने कुणाला तरी सांगितलेलं माझ्या कानावर आलं: "नौदलानं शक्य ते सगळं केलं. पहिल्या दिवशी ढगच खाली होते. आबा स्वतः म्हणाले." लक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसले तर तिने मला पाणी आणून दिलं.

विसाव्या दिवशी आबा वेधशाळेत आले. सकाळी सात वाजता, नेहमीसारखे, दाढी केलेली. त्यांनी सिलिंडरची किल्ली फिरवली. आकाश भरलेलं होतं. मी फुगा तोलला आणि सोडला.

"एक, दोन, तीन," आबांनी सुरुवात केली. तोच आवाज, तोच ठेका. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांना माहीत नाही. ढग हलतात. पहिला फुगा एकशे अडतीस, दुसरा अठ्ठ्याण्णव, असं होऊ शकतं. त्यांनी पहिलाच मोजला होता. दुसरा मी एकटीने सोडला होता.

"पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव."

ते थांबले.

फुगा वर स्वच्छ दिसत होता. लाल, वाटाण्याएवढा. ते त्याच्याकडेच बघत होते. माझ्या हातातलं घड्याळ चालू होतं.

"आबा?"

"पुढचं तू मोज," ते म्हणाले.

मला आकडाच आठवेना. मी घड्याळाकडे बघितलं, मग वर बघितलं, तर फुगा सापडेना. पुन्हा सापडला. मग गेला.

"त्या दिवशी मी घराकडं चाललो होतो," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, जसं ते मला तोफेच्या गोष्टी सांगायचे तसा. "रस्त्यावरनं दिसतो फुगा. सवयीनं मोजला. एकशे एकेचाळीस."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. इंधन, साहेब, नियम, असं काहीतरी. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"कळलं मला. विमान उडालं तवाच कळलं, दक्षिणंला वळलं तवा. चौकीवरचा माणूस चौकी सोडत न्हाई. मी बावीस वर्षं फौजेत काढली, मला शिकवू नको." त्यांनी सिलिंडरची किल्ली खुंटीला अडकवली. "मला सांगायचं होतंस. पहिल्यांदा मला विचारायचं होतंस, आबा, विमान एक हाय आणि कामं दोन. मी काय म्हणालो असतो ते मला बघायचं होतं."

"काय म्हणाला असतात?"

"तेच तर आता कळायचं न्हाई." ते दाराशी गेले. "आणि सुनंला ते माझ्या तोंडानं सांगायला लावलंस."

"तुम्ही मला का वाचवलंत, आबा?"

"तुला कुणी वाचवलं?" ते म्हणाले. "गावाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासनं त्या फळ्यावरची चिठ्ठी कुणी वाचली नसती. कोळ्यांची पोरं अशीच समुद्रात गेली असती."

मी आणखी सात महिने त्या बेटावर होते. ढग असला की आबा यायचे. किल्ली फिरवायचे, मोजायचे, अठ्ठ्याण्णवला थांबायचे. पुढचं मी मोठ्याने मोजायची, चिठ्ठी लिहायची, फाटकावर नेऊन लावायची. तेही माझ्याबरोबर फाटकापर्यंत यायचे, चष्मा काढून चिठ्ठी वाचायचे, ओठ हलायचे, आणि मान हलवून घरी जायचे. त्यांनी मला पुन्हा हवाबाई म्हटलं नाही.

आता मी पुण्यात नव्या निरीक्षकांना शिकवते. ढगाची उंची आता यंत्र मोजतं, प्रकाशाची एक रेघ वर जाते आणि आकडा पडद्यावर येतो. तरी वर्षातून एकदा मी पोरांना गच्चीवर नेऊन लाल फुगा सोडायला लावते. ते घड्याळ बघतात. मी तोंडाने मोजते. अठ्ठ्याण्णवपर्यंत आवाज आबांचा असतो. पुढचं मी मोजते.